स्क्रीनशॉटवर काळी पट्टी ओढली. पण माहिती खरंच झाकली गेली का?

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची फेरी लागली, की नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट पडायला लागतात. 'इथे काय भरायचं?' असं विचारायला अर्जाचं अख्खं पान टाकलं जातं आणि त्यात मुलीचं नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर, सगळं असतं. कुणी काळजी घेऊन नंबरावर बोटाने काळी रेघ मारलेली असते. सातपूर-अंबडचा लघुउद्योजक जीएसटी पोर्टलवरचा अडलेला मेसेज सीएला पाठवतो, तेव्हा वरच्या बाजूला बँकेचा उघडा टॅब दिसत असतो. दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार सातबाऱ्याचं पान पुढे पाठवतो, तेव्हा त्यात भावकीतल्या सगळ्यांची नावं जातात.

स्क्रीनशॉट कापणं, त्यावर बाण काढणं, चौकट करणं, नको ते झाकणं ही सगळी कामं आता ब्राउझरमध्येच होतात. वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. मात्र झाकल्यासारखं दिसणं वेगळं आणि माहिती फाइलमधून खरोखर जाणं वेगळं. हा फरक कळायला आधी स्क्रीनशॉट आतून कसा असतो ते पाहू.

स्क्रीनशॉटमध्ये अक्षरं नसतात, ठिपके असतात

पडद्यावरचं चित्र बारीक रंगीत ठिपक्यांचं बनलेलं असतं. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. नेहमीचा लॅपटॉपचा पडदा १९२० × १०८० पिक्सेलचा असतो, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे साठवतात. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. काळा म्हणजे तिन्ही ०, पांढरा म्हणजे तिन्ही २५५.

स्क्रीनशॉट घेतला की त्या क्षणी पडद्यावर असलेले सगळे ठिपके उतरवून घेतले जातात. 'हा मोबाइल नंबर', 'हे नाव' असं काही फाइलला ठाऊक नसतं. त्यामुळे एखादी गोष्ट झाकायची म्हणजे तिथल्या ठिपक्यांचे आकडे असे बदलायचे, की जुन्या आकड्यांचा मागमूस उरणार नाही. पुढचं सगळं या एका कसोटीवर तपासून घ्या.

आधी नीट काढा

फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस एकत्र दाबा. हवा तो भाग माउसने निवडा, किंवा दिसणारा भाग घ्या, किंवा खालपर्यंतचं पूर्ण पान घ्या. एजमध्ये याच तीन कळा चालतात आणि वर लगेच पेनने लिहायची सोयही मिळते. क्रोममध्ये पूर्ण पानाची वाट जरा आडवळणाची आहे: एफ १२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडायची, मग कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबायचं, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत 'स्क्रीनशॉट' टाइप करायचं आणि 'फुल साइज'चा पर्याय निवडायचा. ब्राउझर कोणताही असो, विंडोजची की, शिफ्ट आणि एस हे विंडोजचं स्वतःचं साधन चालतंच.

पूर्ण पान घेताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. खालचे फोटो कोरे येतात, कारण बऱ्याच साइट आपण खाली जाऊ तसतसे फोटो आणतात. आधी पान तळापर्यंत सरकवा, पुन्हा वर या, मग काढा. आणि फार लांब पान असेल तर क्रोम साधारण १६ हजार पिक्सेल उंचीच्या पुढे गडबडतो, वरचाच भाग खाली पुन्हा येतो. अशा पानाचे दोन-तीन तुकडे करून घेतलेले बरे.

खरं तर बहुतेक वेळा पूर्ण पान लागतच नाही. अडलेली ओळ आणि तिच्या आजूबाजूचं थोडंसं, एवढंच निवडलं की झाकायचं कामही निम्मं होतं.

'ऑनलाइन एडिटर म्हणजे माझा फोटो त्यांच्याकडे गेलाच ना?'

ही शंका रास्त आहे. उत्तर साइटवर अवलंबून आहे.

ब्राउझरमध्ये कॅन्व्हास नावाची सोय असते. वेब पानावरची ही एक कोरी पाटी. तिच्यावर ब्राउझर तुमच्याच संगणकावर चित्र काढू शकतो. फोटो तुम्ही कंट्रोल-व्हीने पानात चिकटवता, ब्राउझर तो कॅन्व्हासवर उतरवतो, बाण-चौकटी त्याच्यावर काढतो आणि शेवटी कॅन्व्हासवरच्या ठिपक्यांची नवी फाइल करून देतो. यात फोटो कुठेही पाठवायची गरजच नसते. फोटोपी हा एडिटर असाच चालतो. काही साइट मात्र फोटो आधी आपल्या सर्व्हरवर चढवून घेतात आणि मग काम करू देतात. दिसायला दोन्ही सारख्याच.

ओळखायचं कसं? इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या खासगी विंडोत साइट उघडा. पान पूर्ण आलं की वायफाय बंद करा. आता फोटो चिकटवा, बाण काढा, फाइल जतन करा. हे सगळं नेटशिवाय झालं, तर काम तुमच्याच मशीनवर होतंय. वायफाय पुन्हा चालू करण्याआधी इन्कॉग्निटोच्या सगळ्या विंडो बंद करा, कारण एखादी साइट फोटो तात्पुरता ठेवून नेट आल्यावर पाठवू शकते. विंडो बंद झाल्या की तो तात्पुरता साठाही पुसला जातो. नेट बंद केल्यावर 'अपलोड होत नाही' असा मेसेज आला, तर समजायचं ते समजलं. त्या साइटवर दुकानाचं दरपत्रक न्या, आधार कार्ड नेऊ नका.

एक्स्टेंशनचं, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचं, प्रकरण याहून नाजूक आहे. स्क्रीनशॉट काढणारं एक्स्टेंशन बसवताना 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी मागितली गेली, तर तिचा अर्थ अगदी शब्दशः घ्यायचा: त्यात नेट बँकिंगचं पानही आलं. एक्स्टेंशन वापरायचंच असेल, तर त्याच्या तपशिलात जाऊन साइटची परवानगी 'क्लिक केल्यावरच' अशी ठेवा.

खुणा करताना: आधी कापा, मग लिहा

क्रम उलटा केला की कष्ट वाया जातात. मोठ्या चित्रावर बाण आणि मजकूर टाकून मग चित्र लहान केलं, तर मजकूरही लहान होतो. म्हणून आधी कापायचं, मग आकार ठरवायचा, खुणा शेवटी.

किती कापायचं याचा हिशोब सोपा आहे. तुमचा स्क्रीनशॉट लोक मोबाइलवर बघणार, आणि उभ्या धरलेल्या मोबाइलचा पडदा सुमारे ७ सेंटिमीटर रुंद असतो. १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात १६ पिक्सेल उंचीचं अक्षर तिथे जेमतेम अर्धा मिलिमीटर दिसेल. कुणी वाचू शकणार नाही. तेच चित्र कापून ८०० पिक्सेल रुंद केलं, तर अक्षर जवळपास दीड मिलिमीटरचं होतं. म्हणजे रुंदी ८०० ते १००० पिक्सेल, रेघेची जाडी ४ ते ६ पिक्सेल आणि तुमचा स्वतःचा मजकूर निदान २८-३० पिक्सेलचा, असं धरून चाला.

एका चित्रात एकच गोष्ट दाखवायची असेल, तर चौकट पुरते; बाण, चौकट आणि अधोरेखा तिन्ही नकोत. दोन-तीन पायऱ्या असतील, तर १, २, ३ असे गोलातले आकडे टाका आणि स्पष्टीकरण चित्राखाली मेसेजमध्ये लिहा. आकड्यांचा आणखी एक फायदा असा, की लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्यालाही ते कळतात. 'लाल बाण बघा, हिरवा बाण बघा' त्याच्या उपयोगाचं नाही. शिवाय चुकीचा मेसेज साइटवर बहुधा लालच असतो, त्याच्याभोवती लाल चौकट उठून दिसत नाही. तिथे निळी किंवा जांभळी घ्या.

मराठीत लिहिताना एक अडचण येते. एडिटरच्या सजावटीच्या फाँटमध्ये देवनागरी नसेल, तर ब्राउझर संगणकातला दुसरा फाँट आणतो आणि मापं बिघडतात. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सेटिंग चालू असेल, तर शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरल्यासारखा दिसतो. ते अंतर शून्यावर आणा आणि फाँट निर्मला किंवा नोटो देवनागरी निवडा.

झाकताना नेमकं काय चुकतं

सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार म्हणजे हायलाइटर. काळा रंग निवडून नंबरावर दोनदा फिरवला की काळाकुट्ट दिसतो. पण हायलाइटरची शाई अर्धपारदर्शक असते. समजा, ती ९० टक्के गडद आहे. एकदा फिरवल्यावर पांढऱ्या कागदाचा २५५ हा आकडा २५ च्या आसपास येतो आणि काळ्या अक्षराचा शून्य शून्यच राहतो. दुसऱ्यांदा फिरवलं की पांढऱ्याचा होतो २ किंवा ३. डोळ्याला ० आणि ३ यांत काही फरक दिसत नाही, पण फोन गॅलरीतल्या एडिटरमध्ये ब्राइटनेस आणि एक्स्पोजर वर ओढलं, की अंधारातून अक्षरं वर येतात. यासाठी कुणी हॅकर असावा लागत नाही. तेव्हा हायलाइटर नको, पेनही नको. आतून पूर्ण भरलेला आयत घ्या आणि पारदर्शकतेची पट्टी १०० टक्के अपारदर्शकवर आहे ना, ते बघा.

दुसरा प्रकार धूसर करण्याचा, म्हणजे ब्लर किंवा चौकोनी ठोकळे. बातम्यांत चेहरे असे झाकतात म्हणून तो भरवशाचा वाटतो. ठोकळे करताना संगणक ठरावीक चौकोनातल्या ठिपक्यांची सरासरी काढून तोच रंग सगळ्या चौकोनाला देतो. आता मोबाइल नंबरचे शेवटचे चार अंक झाकले आहेत असं धरा. शक्यता किती? ०००० ते ९९९९, दहा हजार. त्याच फाँटमध्ये, त्याच मापात प्रत्येक आकडा लिहायचा, त्याचे ठोकळे करायचे आणि तुमच्या चित्राशी ताडून बघायचे. संगणकाला हे काम काहीच नाही. ही नुसती कल्पना नाही. ठोकळ्यांतून मजकूर परत मिळवणारं डीपिक्स हे मोफत साधन २०२० मध्ये आलं आणि २०२२ मध्ये बिशप फॉक्स या सुरक्षा कंपनीने अनरिडॅक्टर नावाचं साधन प्रसिद्ध केलं. नंबर, रक्कम, पासवर्ड यांच्यासाठी ब्लर वापरूच नका.

पॅनचं उदाहरण याच अंगाने बघण्यासारखं आहे. त्यात पाच अक्षरं, चार अंक आणि शेवटी एक अक्षर असतं. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर 'पी' असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. नुसते मधले चार अंक झाकून बाकी उघडं ठेवलं, तर पुन्हा हिशोब दहा हजारांच्या आतच येतो. पॅन झाकायचा तर सगळा झाका. आधारच्या बाबतीत सोपी सोय आहे: आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून 'मास्क्ड आधार' उतरवून घ्या. त्यात बारापैकी फक्त शेवटचे चार अंक दिसतात.

तिसरी चूक खास आपल्या लिपीची. काळी पट्टी शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच ओढली, तर वरचे रफार, वेलांट्या, मात्रा आणि खालचे उकार बाहेर डोकावत राहतात. आडनाव 'कुलकर्णी' असेल, तर पट्टीच्या खाली सुरुवातीला एक उकार लोंबतो आणि वर शेवटाशी रफार आणि वेलांटी दिसते. ज्याला चार-पाच शक्य नावं माहीत आहेत, त्याला एवढं पुरतं. पट्टी वर-खाली निम्म्या अक्षराएवढी जास्त घ्या. लांबीही नावाच्या मापाची नको. सगळ्या नावांवर एकाच लांबीच्या पट्ट्या टाका, म्हणजे लहान-मोठ्या नावाचा अंदाजही बांधता येणार नाही.

क्यूआर कोडवर मधून एक रेघ मारलेली पाहिली की हमखास सांगावंसं वाटतं: तो अजून स्कॅन होतो! क्यूआर कोड मुळातच फाटला, मळला तरी वाचता यावा असा बनवलेला असतो. दुरुस्तीच्या चार पातळ्यांनुसार त्यातला साधारण ७, १५, २५ किंवा ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. आधारवरच्या क्यूआरमध्ये नाव, पत्ता आणि फोटो असतो. कोपऱ्यांतल्या तीन चौकोनांसकट पूर्ण कोड झाका.

आणि मजकुराबाहेरचं: ॲड्रेस बारमध्ये कधीकधी अर्ज क्रमांक असतो, टॅबवर बँकेचं नाव, रकान्याखाली उघडलेल्या यादीत आधी भरलेले ई-मेल, कोपऱ्यात आलेला मेसेज. काही अँड्रॉइड फोन तर फाइलच्या नावातच तारीख, वेळ आणि कोणत्या ॲपमधून स्क्रीनशॉट काढला ते लिहितात. पाठवण्याआधी नाव बदला.

'मी पट्टी पक्की टाकली. तरी निघू शकते?'

हो, पट्टी अजून वेगळ्या थरावर असेल तर. एडिटरमध्ये बाण, चौकटी, मजकूर हे मूळ चित्राच्या वर वेगवेगळ्या थरांवर राहतात. या थरांना लेयर म्हणतात. काम चालू असताना ही सोय चांगली, कारण बाण चुकला तर सरकवता येतो. पण एडिटरची मूळ फाइल पुढे पाठवली, तर समोरचाही पट्टी सरकवू शकतो. पीएनजी किंवा जेपीजी या चित्राच्या नेहमीच्या फाइल-प्रकारांत काढलं, की सगळे थर एकजीव होतात आणि पट्टीखालचे ठिपके जातात.

दोन अपवाद लक्षात ठेवा. एक्सकॅलिड्रॉ या ब्राउझरमधल्या लोकप्रिय साधनात पीएनजी काढताना 'एम्बेड सीन' असा पर्याय असतो. तो चालू असेल, तर चित्राबरोबर मूळ आराखडाही फाइलमध्ये जातो आणि ती फाइल पुन्हा तिथे उघडून चौकट बाजूला करता येते. बंद ठेवा. दुसरं, गूगल डॉक्समध्ये चित्र चिकटवून तिथेच क्रॉप केलं, तर कापलेला भाग नुसता लपतो. दस्तऐवजात बदल करायचा हक्क असलेला कुणीही 'रिसेट इमेज' दाबून तो परत आणू शकतो. म्हणून चित्र आधी बाहेर कापा, मग डॉक्समध्ये आणा.

कापलेला भाग फाइलमध्ये राहिला, असंही घडलंय

मार्च २०२३ मध्ये सायमन आरन्स आणि डेव्हिड ब्यूकॅनन यांनी गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप या स्क्रीनशॉट कापायच्या साधनातला दोष उघड केला. 'एक्रोपॅलिप्स' या नावाने तो गाजला. काही दिवसांतच विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष सापडला.

झालं असं होतं, की कापलेलं लहान चित्र जुन्या मोठ्या फाइलवरच लिहिलं जायचं, पण जुन्या फाइलची उरलेली शेपटी छाटली जात नव्हती. एक तासाच्या भजनाच्या कॅसेटवर दहा मिनिटांचं नवं रेकॉर्डिंग केलं, तर दहा मिनिटांनंतर जुनं भजन ऐकू येतं, तसंच. पीएनजी फाइलमध्ये 'इथे संपलं' अशी खूण असते. चित्र दाखवणारा प्रोग्राम तिथे थांबतो, त्यामुळे पुढची शेपटी कुणाच्या लक्षात येत नव्हती. त्या शेपटीतून कापलेल्या चित्राचा बराच भाग परत बांधता येत होता.

दोन्ही कंपन्यांनी दुरुस्ती दिली आहे. पण आधी पाठवलेल्या फाइल दुरुस्त होत नाहीत. यातून एक साधी सवय लावून घेण्यासारखी आहे: काम झाल्यावर जुन्या फाइलवरच जतन करू नका. तयार चित्र क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं राहतं त्या जागी, कॉपी करा, नव्या कोऱ्या पानात चिकटवा आणि नव्या नावाने जतन करा. क्लिपबोर्डवरून समोर दिसतात तेवढेच ठिपके येतात, शेपटी येत नाही.

पाठवताना

मजकुराचा स्क्रीनशॉट पीएनजीमध्येच ठेवा. पीएनजी एकही ठिपका न गमावता फाइल लहान करतं. जेपीजी ८ × ८ ठिपक्यांचे गट करून बारकावे टाकून देतं. फोटोत ते कळत नाही, अक्षरांच्या कडेला मात्र धुरकट डाग येतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की पुन्हा दाबून लहान होतं. बारीक आकडे दाखवायचे असतील, तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पण तेव्हा फाइल जशीच्या तशी जाते, म्हणून वरची नवी फाइल करायची सवय इथे मोडू नका.

'मग स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालतो का?'

सिंहस्थाच्या निमित्ताने पंचवटी-त्र्यंबकच्या खोल्यांचे ॲडव्हान्स, गाड्यांची बुकिंग असे व्यवहार वाढतायत आणि 'पैसे पाठवले, हा स्क्रीनशॉट' हे वाक्यही. ब्राउझरमध्ये एफ १२ दाबून पानावरचा कोणताही शब्द किंवा रक्कम बदलता येते. साइटवर काही बदलत नाही, फक्त तुमच्या पडद्यावर बदलतं, आणि स्क्रीनशॉट पडद्याचाच असतो. अशा बनावट चित्रात फाँट किंवा रेघ बिघडलेली शोधून सापडणार नाही, कारण ती ब्राउझरनेच काढलेली असते. पैसे आले की नाही ते स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा खात्याच्या उताऱ्यातच बघा. व्यवहाराचा बारा अंकी यूपीआय क्रमांक मागून घ्या आणि तो तिथे जुळतो का, ते तपासा.

कोर्टात इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करायची, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ बघावं लागतं. त्यात ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि फाइलची हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. म्हणून फसवणूक झाली असेल, तर मूळ स्क्रीनशॉटवर बाणही काढू नका आणि तो कापूही नका. मूळ फाइल एका फोल्डरमध्ये तशीच ठेवा, खुणा तिच्या प्रतीवर करा, फोनमधला मूळ मेसेज पुसू नका आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.